दिवाणावरची पेशंट

कुसुमआत्यानं शहाळं फोनसमोर ठेवलं, त्यात स्ट्रॉ खोचली आणि म्हणाली, "पी गं बाई. ताजं आहे. स्टँडसमोरून आणलंय."

फोनमध्ये माझी ताई होती. संपदाताई. हॉलंडमधल्या ग्रोनिंगन नावाच्या गावात, स्वतःच्या खोलीत, पलंगावर आडवी, पांघरूण नाकापर्यंत, उजवा हात झोळीत. आणि शहाळं होतं बार्शीत, आमच्या पुढच्या खोलीतल्या दिवाणावर. मध्ये सात हजार किलोमीटर. पण आत्याचा चेहरा असा, की पोरगी जरा पुढं वाकली तर स्ट्रॉ तोंडात येईल.

"आत्या, ती कशी पिणार?"

"तिच्या नावानं ठेवलंय. तू मध्ये बोलू नकोस."

मग ते शहाळं मी प्यायले. ताईच्या अपघातात माझं वजन दीड किलोनं वाढलं, हे आधीच कबूल करते.

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे. बोर्डाचं वर्ष असून हे लिहीत बसलेय, कारण आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येकाच्या गोष्टीत तो एकटाच शहाणा असतो. मीही तीन वर्षं तशीच सांगत होते.

झालं होतं ते असं. दिवाळी संपून चार दिवस झाले होते. ताई कॉलेजला निघाली होती, सायकलवरून. तिथं सगळे सायकलवरूनच जातात, मास्तरसुद्धा. कालव्यावरच्या पुलाच्या उतारावर ओली पानं पडली होती, त्यावरून चाक सरकलं आणि ताई आपटली. खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिनं स्वतःच फोन केला. "हाड आपोआप जुळतं म्हणतात. सहा आठवडे झोळी. बाकी थोडंसं खरचटलंय."

आईनं आधी रडून घेतलं. पप्पांना मात्र वेगळीच अडचण आली. आमचं मोटारपंपाचं दुकान आहे. 'पोरगी पाण्याचं मोठं शिक्षण घ्यायला परदेशी गेलीय' हे पप्पांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला पंपाबरोबर फुकट दिलेलं. आता ती तिकडं सायकल चालवते हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"इथं घरात स्कूटी होती," ते म्हणाले, "आणि तिथं जाऊन सायकल?"

म्हणून पप्पांनी बाजारात सांगितलं, गाडीवरून पडली. आमचे थोरले काका, म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, त्यांना 'पडली' हे कमीपणाचं वाटलं. त्यांनी सांगितलं, कारनं उडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या गल्लीत ती कार पळून गेली होती आणि पोलीस तिच्या मागावर होते.

आणि मग लोक भेटायला यायला लागले.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. न गेलं तर पुढच्या चार लग्नांत त्याची चर्चा होते. आजारी माणूस गावात नाही, जिल्ह्यात नाही, खंडातसुद्धा नाही, एवढ्याशा कारणावरून ही पद्धत कोण मोडणार? पहिल्या संध्याकाळी मी फोन हातात धरून थोरल्या काकांना ताई दाखवली तर ते रागावले.

"आजाऱ्याला भेटायला आलोय मी. हे असं हातात काय नाचवतेस? नीट झोपव तिला."

आईनं दिवाणावर धुतलेली चादर घातली. लोड लावला. लोडाला टेकून फोन उभा केला. पंखा मुद्दाम बारीक केला. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते सात ताई आमच्या दिवाणावर असायची आणि लोक बाहेर चपला काढून, आवाज खाली आणून, तिच्याभोवती खुर्च्या मांडून बसायचे. शेजारच्या शेटेकाकूंनी तर देवीचा अंगारा आणला होता. कपाळ सापडेना म्हणून त्यांनी तो फोनलाच वरच्या बाजूला लावला, नेमका कॅमेऱ्यावर. ताईला आम्ही दोन दिवस धुक्यात बसल्यासारखे दिसलो.

बोलणी तर काय सांगू!

"आमच्या साडूंचा भाऊ अस्साच पडला होता. काही झालं नव्हतं हो. तिसऱ्या दिवशी गेला. पण तू काळजी करू नकोस."

"खांद्याचं हाड म्हणजे पुढं थंडीत ठणकणार. जन्मभर. आणि तिकडं थंडीच."

"आम्ही तेव्हाच म्हणालो होतो, मुलीला इतक्या लांब नको. म्हणालो नव्हतो का? पण आमचं कोण ऐकतंय!"

ताई थंडी म्हणून पांघरूण नाकाखाली येऊ द्यायची नाही, आणि ती आतून काही बोलायला गेली की समोरच्यांचं वाक्य तोवर पुढं गेलेलं असायचं. ती "अहो, तसं नाही" म्हणायची तेव्हा इथं विषय जावेच्या गुडघ्यावर पोचलेला असायचा.

आणि आई? ती स्वयंपाकघरात. चहाचं आधण संपायचंच नाही. येणाऱ्याला चहा, सोबत उरलेला चिवडा, आणि चिवडा संपला तर पोहे. ती आतूनच ओरडायची, "तेजल, तिला विचार जेवली का!" मी विचारायची, ताई हो म्हणायची, मी ओरडून आत पोचवायची. ताईला भेटायला आलेल्यांमुळे आईला ताईला भेटायला वेळ मिळत नव्हता.

चौथ्या दिवशी, सोमवारी दुपारी, ताईचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. तोसुद्धा जड.

"तेजू, मला वेड लागेल. काल शेजारच्या काका-काकूंनी माझ्यासमोर त्यांच्या प्लॉटचं भांडण केलं. तासभर. मला गोळ्यांनी झोप येते आणि झोपले तर म्हणतात, बघा, शुद्ध हरपली."

"पप्पांना सांग ना."

"सांगितलं. म्हणाले, लोक प्रेमानं येतात, थोडं सोसायचं." मग म्हणाली, "तुला एक व्हिडिओ पाठवते. अठरा मिनिटांचा आहे. मी नुसती पडून राहिलेय आणि मधूनमधून हुंकार देतेय. तो लाव."

"म्हणजे? ते बोलणार आणि तू...?"

"लावून तर बघ."

घरचा मोठा फोन माझ्या ताब्यात असायचा. आईचा बटणांचा, पप्पांचा दुकानात. तेव्हा चोरी करायला जे काय लागतं ते सगळं माझ्याकडे होतं. व्हिडिओ उघडून बघितला. ताई कुशीवर झोपलेली, डावा गाल उशीत, पांघरूण हनुवटीपर्यंत. दर अर्ध्या मिनिटाला तोंड न उघडता "हं." मग जरा लांब "हंऽऽ." मध्ये एकदा पापण्या मिटून मान हलवलेली. एकदा ओठ मिटूनच हसलेली. काय अॅक्टिंग होती! मी खुश.

संध्याकाळी पहिले आले थोरले काका. मी फोन लोडाला टेकवला, व्हिडिओ चालू केला आणि म्हणाले, "नेट जरा बारीक आहे, तिचा आवाज कमी येईल."

काका पंधरा मिनिटं बोलले. हाडांना डिंकाचे लाडू कसे लागतात, त्यांच्या नोकरीत त्यांनी किती हाडं मोडून घेतली आणि तरी एक रजा टाकली नाही. ताई हं म्हणाली. हंऽऽ म्हणाली. काका उठले, समाधानानं उपरणं झटकलं आणि पप्पांना म्हणाले, "दिगू, पोरगी समजूतदार झाली रे. पूर्वी मध्येमध्ये बोलायची."

त्या दिवशी मला जे पंख फुटले ते विचारू नका. तोवर वर्गात कुणी उभं केलं तर मला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता यायचं नाही. आणि आता मी सबंध बार्शीला अठरा मिनिटांच्या व्हिडिओवर नाचवत होते. कुणाचं काय चाललंय हे बघून व्हिडिओ थोडा पुढं-मागं करायची. शेटेकाकूंनी विचारलं, "ती कार लाल होती का गं?" मी अचूक 'हं' वर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी गावात कार लाल झाली. रात्री ताईला मेसेज टाकायची, 'आज नऊ जण. कुणालाच कळलं नाही.' ताई हसरा चेहरा पाठवायची. पप्पांनाही रोज तिचा मेसेज यायचा, 'बरी आहे.' सगळे खुश होते. सहा दिवस.

सातव्या दिवशी रविवार होता. दुकान बंद, पप्पा घरी. सकाळी अकरालाच थोरले काका आले, मागोमाग कुसुमआत्या. काका बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "दिगू, मी ठरवलंय. पोरीला परत आणायची."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"तिचं अजून दीड वर्ष राहिलंय, अण्णा," पप्पा म्हणाले.

"हात मोडलेली पोरगी एकटी तिथं काय करणार? वेणी कोण घालणार? शिक्षण काय, पुण्यातही होतं. माझे जावई पुण्यात तिकिटांचंच काम करतात. आज रविवारी फोन उचलतील, घरचे म्हणून. गुरुवारचं विमान बघू."

"पण भाऊजी, तिला..." आई म्हणाली.

"तिला काय कळतंय? तिला कळत असतं तर गाडीखाली आली असती का?"

"सायकलवरून पडली," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

पप्पा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते. मग म्हणाले, "मी तिला विचारतो. ती हो म्हणाली तर आणू. तेजल, लाव."

इथं मी शहाण्यासारखं खरा फोन लावायला हवा होता. पण हॉलंडमध्ये सकाळचे साडेसहा. ताईनं बजावलेलं, सकाळी झोप लागते, उठवू नकोस. आणि खरं सांगू? सहा दिवसांत हात इतका बसला होता, की बोट आपोआप व्हिडिओवर गेलं. पप्पा विचारतील, हं येईल, पप्पांना ते नाही वाटेल की हो, एवढा विचार करेपर्यंत ताई दिवाणावर आलीसुद्धा.

पप्पा जमिनीवर बसले. माझे पप्पा जमिनीवर फक्त पूजेला बसतात.

"संपदा," ते म्हणाले. "तू गेल्यापासून मी नीट बोललो नाही तुझ्याशी. दुकान असतं. ते जाऊ दे. तू परत येतेस का, बेटा?"

"हं," ताई म्हणाली.

"शिक्षण सोडून?"

"हंऽऽ."

"नंतर मला बोल नको लावूस, की पप्पांनी बोलावलं. तुझ्या मनानं येतेस ना?"

आणि त्या मेल्या व्हिडिओत नेमकी तीच जागा आली. ताईनं पापण्या मिटल्या, मान हलवली आणि गोड हसली.

पप्पांचे डोळे भरून आले. आत्यानं पदर लावला. काकांनी तोवर पुण्याला फोन लावलेलाच होता. "हां, जावईबापू! मुलगी तयार आहे. गुरुवारचं बघा. दिगू, तिच्या पासपोर्टची झेरॉक्स काढ. नंबर सांगायचाय."

पप्पा कपाटाकडे गेले. फाइल निघाली. दीड वर्ष, तिची स्कॉलरशिप, तिनं बारावीपासून त्यासाठी मारलेले रट्टे, सगळं त्या फाइलमधल्या एका झेरॉक्सवर येऊन थांबलं होतं. आणि काकांनी चष्मा लावला.

"ती ताई नव्हती," मी म्हणाले.

"झेड का टू, बघ रे दिगू."

"ती ताई नव्हती!"

"तेजल, मोठी माणसं बोलताना..."

मी दिवाणावर चढले. पायांसकट, धुतलेल्या चादरीवर. फोन उचलला, व्हिडिओ मागं नेला आणि सगळ्यांच्या तोंडासमोर धरला. हं. परत मागं नेला. हं. परत. हं.

"नेट अडकलंय," काका म्हणाले.

मग मी तो अगदी पहिल्यापासून लावला. त्यात सुरुवातीला ताई पांघरूण नाकापर्यंत ओढून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येते, कुजबुजत म्हणते, "तेजू, सुरू झालाय का बघते. थोरले काका आले की लाव," आणि कुशीवर झोपते.

आत कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे मी कुणाला एवढं समजावत होतो?" काका म्हणाले.

"आणि मी काल तिला रामरक्षा म्हणून दाखवली ती?" आत्या म्हणाली.

मला वाटलं पप्पा थोबाडीत देतील. मी गाल तयार ठेवला होता. पण ते म्हणाले, "कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग सोमवारपासून तिच्याशी बोललं कोण?"

मी तोंड उघडलं. मेसेज, म्हणणार होते. आईकडे बघितलं, आई पप्पांकडे बघत होती. काका-आत्या एकमेकांकडे. सहा दिवसांत पन्नासेक माणसं तिला भेटून गेली होती आणि त्यांच्यातला एकही जण तिच्याशी बोलला नव्हता. मीसुद्धा.

"लाव," पप्पा म्हणाले.

पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. ताईला वाटलं मीच असेन, एकटी. अर्धवट झोपेत तिनं दिवा लावला आणि फोन समोर धरला.

हनुवटीपासून डाव्या गालापर्यंत टाके होते. काळे, केसाळ किड्यासारखे. गाल सुजून पिवळा-निळा पडलेला. एका हातानं विंचरता येईना म्हणून केस तिनं कात्रीनं कापले होते, एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला वेडेवाकडे. आणि "काय गं?" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा दिसलं, समोरचे दोन दात नव्हते.

थोडंसं खरचटलंय म्हणाली होती. मी तो व्हिडिओ साठ वेळा तरी बघितला असेल. गाल उशीत का, तोंड मिटून का, एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी अॅक्टिंगला मार्क देत होते.

"अगं आई गं!" आत्या किंचाळली. "समोरचे दात! लग्नाच्या आधी दात! आता हिला कोण..."

"वन्सं," आई म्हणाली. ती केव्हा पुढं आली कळलं नाही. "गप बसा. नाहीतर चहा न घेता जा."

आमच्या घरात आईनं आत्याला असं पहिल्यांदाच म्हटलं. आत्या बसली.

ताईनं घाईघाईनं डाव्या हातानं तोंड झाकलं, तर फोन गादीवर पडला. आम्हाला छत दिसायला लागलं. छतातून आवाज आला, "पप्पा आहेत का तिथं?"

"आहे," पप्पा म्हणाले. "संपदा, परत येतेस का?"

आणि गप्प राहिले. काकांनी तोंड उघडलं तर पप्पांनी हात वर केला. आम्ही सगळे एका अनोळखी छताकडे बघत उभे. केवढा वेळ गेला! आमच्या घरात उत्तराची एवढी वाट कुणी बघितली नव्हती, पावसाचीसुद्धा नाही.

"नाही, पप्पा," ताई म्हणाली. "मला इथं राहायचंय. पुढच्या महिन्यात दात बसवतील. मी पडले, पण मला राहायचंय."

"अगं पण मघाशी हो म्हणालीस की!" काका ओरडले.

मी हसले. शप्पथ सांगते, ती हसण्याची वेळ नव्हती, पण मी हसले. आणि आईपण.

"अण्णा," पप्पा म्हणाले, "तो फोन द्या इकडं." काकांच्या हातात पुण्याचा फोन अजून चालूच होता, पलीकडून बारीक आवाज येत होता, नंबर सांगा, नंबर सांगा. पप्पांनी तो कानाला लावला. "नको, जावईबापू. तिकीट नको. ती नाही म्हणतेय." जरा ऐकून घेतलं. "नाही नाही, मला पटलंय कुठं? पण ती नाही म्हणतेय ना."

फाइल त्यांनी परत कपाटात ठेवली.

मग आईनं फोन घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. काका "आम्हाला तर मूर्खच ठरवलंय" असं चारदा म्हणाले, पण कुणी नाही म्हणेना, तेव्हा गेले.

मला फोन मिळाला तो चारच्या सुमाराला. मी गच्चीवर गेले. टाकीच्या सावलीत बसून ताईला लावला. मनात आनंदच होता, खोटं का बोलू. तिला वाचवलं होतं की मी! दिवाणावर चढून!

"काय भारी झालं ना ताई?" मी म्हणाले.

व्हिडिओ तिनं बंद ठेवला होता.

"तू सांगितलं का नाहीस दातांचं?"

"सांगितलं असतं तर आज आत्या म्हणाली ते पहिल्याच दिवशी म्हणाली असती." मग म्हणाली, "पण तेजू, तू एकदा तरी खरा फोन लावायचास."

"तूच म्हणालीस, झोपू दे."

"म्हणाले."

"मग?"

"मग काय. दिवसभर फोन उशाशी घेऊन पडलेली असायचे. वाटायचं, आता सगळे गेले असतील, आता तेजू करेल. तुझा मेसेज यायचा, आज नऊ जण. आज अकरा जण."

मग जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते मी विचारलं, "खूप दुखतंय का गं?"

"आत्ता विचारतेस?" ताई म्हणाली आणि फोन कट केला.

मी परत लावला. तिनं कट केला. परत लावला. कट. खालून आई हाक मारत होती, कुणीतरी केळी घेऊन भेटायला आलं होतं. मी परत लावला.

चौथ्यांदा उचलला. "काय आहे?"

"व्हिडिओ चालू कर."

"कशाला? भूत दिसतेय मी."

"मग भूत दाखव," मी म्हणाले.

बराच वेळ नुसता काळा चौकोन होता. मी तो धरून बसले.